२०१९ चा चुकीचा धडा

ऑस्ट्रेलियात करांचा विषय निघाला की वाद दोन वाक्यांत आटोपतो. कुणीतरी म्हणतं, घर विकून होणाऱ्या नफ्यावरची करसवलत कमी करायला हवी. समोरून उत्तर येतं, ‘२०१९ विसरलात का?’ आणि सगळे गप्प बसतात. त्या वर्षी १८ मे रोजी बिल शॉर्टन यांचा विरोधी बाकांवरचा, डावीकडे झुकलेला लेबर पक्ष जनमत चाचण्यांमध्ये पुढे असूनही हरला. त्याच्या जाहीरनाम्यात मालमत्ताधारकांच्या करसवलती कापण्याची मोठी यादी होती. तेव्हापासून हा निकाल जो तो आपल्या सोयीने वापरतो. उजवीकडचे म्हणतात, मतदाराने संपत्तीवरचा कर कायमचा नाकारला. डावीकडचे म्हणतात, खोट्या जाहिराती आणि खाणसम्राट क्लाइव्ह पामर यांचा पैसा यांनी मतदाराला फसवलं. पहिल्या युक्तिवादात मतदार स्वार्थी ठरतो, दुसऱ्यात भोळा. निवडणुकांचे आकडे मात्र दोन्हींपैकी कशालाही पुरेसा आधार देत नाहीत.

ऑस्ट्रेलियन मतदार संपत्तीवर कर लावणाऱ्याला शिक्षा करतो, असं गेल्या चाळीस वर्षांत दिसत नाही. कोणाकडून किती जाणार हे पक्कं, आणि कोणाला किती मिळणार हे धूसर, अशा प्रस्तावाला तो शिक्षा करतो. असा प्रस्ताव बहुतेक वेळा विरोधी बाकांवरून येतो, कारण विरोधी पक्षाला घेण्याचं बोलता येतं, देता काहीच येत नाही. सरकारला आधी देऊन मग मत मागता येतं. २०१९ चा धडा हा इतकाच आहे आणि तो करनीतीपेक्षा राजकीय कारागिरीचा आहे.

आधी विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेऊ. शॉर्टन आणि त्यांचे छाया अर्थमंत्री ख्रिस बोवेन यांनी चार गोष्टी मांडल्या होत्या. १ जानेवारी २०२० नंतर घेतलेल्या जुन्या घरांवरचा भाड्याचा तोटा, म्हणजे भाड्याहून जास्त झालेला व्याज-खर्च, करपात्र पगारातून वजा करता येणार नव्हता, तो लाभ फक्त नव्या बांधकामाला मिळणार होता. भांडवली नफ्यावरची ५० टक्के सवलत २५ टक्क्यांवर येणार होती. कौटुंबिक ट्रस्टमधून वाटल्या जाणाऱ्या पैशावर किमान ३० टक्के कर बसणार होता. आणि न वापरलेल्या फ्रँकिंग क्रेडिटचा रोख परतावा बंद होणार होता. शेवटची गोष्ट सगळ्यात महागात पडली. ती का, हे कळायला तिचं गणित पाहावं लागतं.

कंपनीला १०० डॉलर नफा झाला. ३० टक्के दराने तिने ३० डॉलर कर भरला आणि उरलेले ७० लाभांश म्हणून वाटले. भागधारकाच्या खात्यात ७० डॉलर रोख येतात आणि सोबत ३० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे ‘तुमच्या वतीने एवढा कर भरून झालाय’ अशी पावती. ज्याचा स्वतःचा दर ४५ टक्के, तो वरचे १५ भरतो. शून्य दर असलेला निवृत्त माणूस ते पूर्ण ३० सरकारकडून रोख घेतो. पहिला भाग, म्हणजे दुहेरी कर टाळण्याची व्यवस्था, लेबरचे अर्थमंत्री पॉल कीटिंग यांनी १९८७ मध्ये आणली. रोख परतावा उजव्या लिबरल पक्षाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड आणि अर्थमंत्री पीटर कॉस्टेलो यांनी २००० मध्ये जोडला. आता असं जोडपं घ्या ज्याच्या स्वतः चालवलेल्या घरगुती निवृत्तिफंडात शेअर आहेत आणि वर्षाला २८,००० डॉलर लाभांश येतो. त्यावरचं क्रेडिट १२,००० होतं. फंड निवृत्तिवेतन देण्याच्या टप्प्यात असल्यामुळे कर शून्य, म्हणून १२,००० परत. हातात एकूण ४०,०००. लेबरच्या योजनेत त्यातले १२,००० जाणार होते, म्हणजे उत्पन्नात ३० टक्के कपात, तीही वयाच्या सत्तरीत, कमावण्याचा मार्ग बंद झाल्यावर. हे जोडपं श्रीमंत आहे का? मालमत्तेच्या निकषावर सरकारी पेन्शन नाकारली जावी इतपत आहे. पण त्यांच्याहून कितीतरी अधिक शेअर असलेल्या आणि अजून भरपूर करपात्र उत्पन्न असलेल्या माणसाचा एक डॉलरही जाणार नव्हता, कारण त्याचं क्रेडिट त्याच्या इतर करात जिरत होतं. तसंच मोठ्या सामायिक फंडांचं. तिथे तरुण सभासदांच्या हप्त्यांवर कर असतो, क्रेडिट त्यात खपतं. दोन सभासदांच्या घरगुती फंडाला ती सोय नाही. एकाच कंपनीचा एकच शेअर, आणि तो कोणत्या फंडात ठेवलाय यावर तुमचं उत्पन्न ठरणार. कामगार संघटनांशी जवळीक असलेल्या फंडांना हे फावणार, असा संशय घ्यायला विरोधकांना फार कल्पकता लागली नाही.

धोरण मार्च २०१८ मध्ये जाहीर झालं आणि दोन आठवड्यांत त्यात सरकारी पेन्शनरांसाठी अपवाद घालावा लागला. मग २८ मार्च २०१८ पूर्वी ज्या घरगुती फंडात एखादा पेन्शनर होता, त्या फंडासाठी वेगळा अपवाद. आता प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आपण कोणत्या रकान्यात बसतो ते शोधायचं होतं. हॉवर्डच्या काळात दिलेली ही खिरापत सरकारी तिजोरीला वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलरला पडत होती आणि ती बंद व्हावी या मताचा मीही आहे. पण ज्या प्रस्तावाचा तोटा रुपया-पैशांत सांगता येतो आणि ज्याचा फायदा ‘रुग्णालयं, शाळा, बालसंगोपन’ अशा तीन शब्दांत उरकावा लागतो, त्या प्रस्तावाला ‘निवृत्तांवरचा कर’ हे विरोधकांनी दिलेलं नाव चिकटणारच. त्यात बोवेन यांनी जानेवारी २०१९ मध्ये रेडिओवर सांगून टाकलं की ज्यांना हे पटत नसेल त्यांनी खुशाल आमच्या विरोधात मत द्यावं. प्रामाणिक वाक्य होतं. पुढचे चार महिने सत्ताधाऱ्यांनी ते फुकटात वाजवलं.

एवढं सगळं मान्य केल्यावर पहिला प्रश्न विचारायला हवा. मग २०१६ चं काय? घरांच्या तोट्याची वजावट आणि भांडवली नफ्याची सवलत यांबाबतचं धोरण तेव्हाही लेबरकडे होतं, शॉर्टनच नेते होते, विरोधी बाक तेच होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये धोरण जाहीर झालं, जुलैत निवडणूक झाली आणि लेबरच्या १४ जागा वाढल्या. लिबरल पंतप्रधान माल्कम टर्नबुल ७६ जागांवर, म्हणजे १५० च्या सभागृहात काठावर, कसेबसे तरले. मालमत्तेवरचा कर हे विषच असेल, तर ते २०१६ मध्ये का चढलं नाही?

उत्तर घरांच्या किमतीत आहे. २०१६ मध्ये सिडनी-मेलबर्नचे भाव चढत होते. ‘तुमच्या मुलांना लिलावात गुंतवणूकदाराशी बोली लावावी लागते’ हे वाक्य तेव्हा प्रत्येक घरात समजत होतं. २०१७ च्या मध्यानंतर बाजार उतरला आणि निवडणुकीपर्यंत सिडनीचे भाव शिखरापासून सुमारे १५ टक्के खाली आले होते. आता तेच धोरण ऐकणाऱ्याला वेगळं ऐकू आलं. कागदावर तर जुन्या गुंतवणूकदाराला हातही लागणार नव्हता. ज्याने आधी घर घेतलं, भाडं २६,००० आणि व्याज-खर्च मिळून ३८,०००, त्याचा १२,००० चा तोटा पगारातून वजा होतच राहणार होता. ३७ टक्के दराने वर्षाला ४,४४० डॉलरची बचत तशीच. पण लेबरने ज्याला सुरक्षित ठेवलं, तो गुंतवणूकदार ही चिंतेची जागा नव्हतीच. चिंता होती ती कर्ज काढून एकच घर घेतलेल्या माणसाची, ज्याच्या घराची किंमत आधीच घसरत होती आणि ज्याला या वजावटीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सांगितलं गेलं, तुमचं घर स्वस्त होईल. भाडेकरूला सांगितलं गेलं, तुमचं भाडं वाढेल. दोन्ही भीती एकाच वेळी विकल्या गेल्या, कारण धोरणाचा नेमका परिणाम किती, हे लेबरलाही एका आकड्यात सांगता येत नव्हतं.

पराभवानंतर पक्षाने क्रेग इमर्सन आणि जे वेदरिल यांच्याकडे चिकित्सा सोपवली. नोव्हेंबर २०१९ च्या त्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष ‘२०१९ विसरलात का’ म्हणणारे सोयीस्करपणे विसरतात. ज्यांना फ्रँकिंगचा आणि घरांच्या करबदलाचा खरा फटका बसणार होता, त्या सुखवस्तू शहरी भागांत मतं लेबरकडे सरकली. मेलबर्नच्या हिगिन्ससारख्या पिढीजात लिबरल मतदारसंघातसुद्धा. उलट ज्यांचा या कराशी काडीचा संबंध नव्हता, अशा कमी उत्पन्नाच्या, अस्थिर नोकरीच्या भागांतून मतं गेली. लेबरने सत्ताधारी लिबरल-नॅशनल आघाडीला गमावलेल्या पाच जागा पाहा. टाउन्सव्हिलचा हर्बर्ट, ब्रिस्बेनच्या उत्तरेचा लाँगमन, पश्चिम सिडनीतला लिंडसे, टास्मानियातले बास आणि ब्रॅडन. यातली एकही जागा शेअर-लाभांशावर जगणाऱ्यांची वसाहत नाही. क्वीन्सलंडात अदानींच्या कोळसा खाणीवर लेबरने घेतलेली दोन्ही डगरींवरची भूमिका वेगळीच भोवली. म्हणजे स्वार्थाचा सिद्धान्त इथे उलटा पडतो: तोटा होणाऱ्यांनी मत दिलं, न होणाऱ्यांनी फिरवलं.

‘मग ते फसवले गेले’ असं डावीकडून लगेच येईल. अंशतः खरं आहे. लेबरच्या जाहीरनाम्यात नसलेला ‘मृत्यू कर’, म्हणजे वारशावरचा कर, फेसबुकवर फिरत होता. पण भीती का चिकटली? मतदान सक्तीचं असलेल्या देशात राजकारणात रस नसलेलाही मतदान केंद्रावर येतो, दंडाच्या धाकाने का होईना. नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदान होतं. तिथे तुमचे कट्टर पाठीराखे जास्त संख्येने बाहेर काढून जिंकता येत नाही. ज्याने जाहीरनामा उघडलेला नाही त्याला पटावं लागतं, आणि त्याचा प्रश्न साधा असतो: यात माझं काय? ज्या पक्षाला या प्रश्नाचं उत्तर तीन अपवादांसह द्यावं लागतं, त्याच्याबद्दल तो वाईटातलं वाईट मानून चालतो. याला भोळेपणा कसं म्हणायचं? अपुऱ्या माहितीत माणूस असाच वागतो. शिवाय वारसा कर ऑस्ट्रेलियात काल्पनिक बागुलबुवा नव्हता. क्वीन्सलंड राज्याचे तेव्हाचे सरकारप्रमुख जो ब्येल्के-पीटरसन यांनी १९७७ मध्ये तो रद्द केला, बाकी राज्यांतले निवृत्त लोक तिकडे सरकू लागले, केंद्राने १९७९ मध्ये रद्द केला आणि काही वर्षांत उरलेल्या राज्यांनीही. आजी-आजोबांना तो आठवत होता. आपल्याकडे १९८५ मध्ये रद्द झालेल्या संपदा शुल्काचा, म्हणजे वारसा कराचाच, मुद्दा २०२४ च्या लोकसभा प्रचारात सॅम पित्रोदांच्या एका वक्तव्यावरून कसा पेटला, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

दुसरा भक्कम आक्षेप असा: लेबरचे नवे नेते अँथनी अल्बनीज यांनी २०२१ मध्ये हे सगळं गुंडाळलं, श्रीमंतांना झुकतं माप देणारी लिबरल सरकारची आयकर-कपातही मान्य केली, आणि २०२२ मध्ये ते जिंकले. आणखी काय पुरावा हवा? पुरावा पहिल्या पसंतीच्या मतांत आहे. (ऑस्ट्रेलियात मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रम देतो, आणि बाद झालेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.) २०१९ मध्ये हरलेल्या लेबरला ३३.३४ टक्के मतं होती. २०२२ मध्ये जिंकलेल्या लेबरला ३२.५८. करांचं ओझं फेकून दिल्यावर मतं वाढली नाहीत, कमी झाली. सत्ता मिळाली ती लिबरल पक्ष कोसळल्यामुळे, ग्रीन्सच्या पसंतिक्रमामुळे, आणि सिडनी-मेलबर्नच्या सगळ्यात श्रीमंत मतदारसंघांत अपक्ष महिलांनी लिबरलांना पाडल्यामुळे. तिथे अर्थमंत्री जोश फ्रायडनबर्ग यांचा कूयाँग मतदारसंघही गेला. ज्यांच्या संपत्तीचं रक्षण करण्याचा दावा लिबरल करत होते, त्यांनी हवामानबदल आणि सचोटी या मुद्द्यांवर त्यांना घरी पाठवलं. आणखी एक आकडा: २०१६ मध्ये ‘विषारी’ धोरण घेऊन हरलेल्या लेबरला ३४.७३ टक्के मिळाले होते, २०२५ मध्ये ९४ जागांचा विक्रमी विजय मिळवणाऱ्या लेबरला ३४.५६.

इतिहासात थोडं मागे गेलं की बाक आणि कर यांचं नातं अधिक स्पष्ट दिसतं. १९८५ मध्ये लेबरच्या हॉक-कीटिंग सरकारने (हॉक पंतप्रधान, कीटिंग अर्थमंत्री) भांडवली नफ्यावर कर आणला, २० सप्टेंबर १९८५ पासून पुढे घेतलेल्या मालमत्तेवर. राहतं घर वगळलं, जुनी मालमत्ता वगळली. त्याच वर्षी भाड्याच्या घरांच्या तोट्याची पगारातली वजावटही बंद केली. म्हणजे शॉर्टन यांना जे करायचं होतं त्याहून जास्त, ते प्रत्यक्ष लागू होतं. मग ११ जुलै १९८७ ला निवडणूक झाली आणि लेबर वाढीव बहुमताने परतला. का? कारण त्याच पॅकेजमध्ये आयकराचा सर्वोच्च दर ६० वरून ४९ टक्क्यांवर आणला होता, खालच्या दरांतही कपात होती, आणि ४९ टक्क्यांचा दर १ जुलैपासून, मतदानाच्या दहा दिवस आधी, लागू झाला होता. विरोधी नेते जॉन हॉवर्ड करकपातीची मोठी योजना घेऊन उतरले होते. तिच्या हिशेबात एकच बचत दोनदा मोजली होती. कीटिंगनी ती चूक पकडून जाहीर केली आणि योजनेची हवा गेली. घरांच्या वजावटीची बंदी निवडणुकीनंतर मागे घेण्यात आली. भाडी वाढल्याची ओरड कारण ठरली, पण भाडी प्रामुख्याने वाढली ती सिडनी आणि पर्थमध्ये, जिथे रिकामी घरं मुळातच कमी होती. कर सगळ्या शहरांना सारखा होता, भाडेवाढ मात्र नव्हती. ही विसंगती पुढची तीस वर्षं कुणी फार विचारली नाही.

१९९३ हे या नाण्याचं उलटं तोंड. लिबरल पक्षाचे विरोधी नेते जॉन ह्यूसन अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी ६५० पानांचा आराखडा आणि १५ टक्के जीएसटी मांडला. मंदी होती, बेरोजगारी होती, हरणं अशक्य वाटत होतं. मतदानाच्या तोंडावर मुलाखतकार माइक विलसी यांनी विचारलं, दुकानातला वाढदिवसाचा केक तुमच्या राज्यात महाग होणार की स्वस्त? ह्यूसन सांगू लागले की केकवर सजावट आहे का, मेणबत्त्या आहेत का, यावर अवलंबून. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर होतं. जुन्या घाऊक विक्रीकरात खरोखरच असे भेद होते. पण तिथेच सगळं संपलं. विजयी कीटिंग यांनी आदल्या दशकात, १९८५ च्या कर-परिषदेत, स्वतःच १२.५ टक्के उपभोग कराचा आग्रह धरला होता, ही यातली मजा. मतदाराने तत्त्व नाकारलं असतं तर पाच वर्षांनी हॉवर्ड यांना जीएसटी आणता आला नसता. १९९८ मध्ये ते सत्तेवर होते. १० टक्के दर, आणि त्यासोबत आयकरात वर्षाला अब्जावधींची कपात. तरीही पसंतिक्रम मोजून झाल्यावर दोन पक्षांतल्या लढतीत त्यांना ४९ टक्केच मतं मिळाली आणि बहुमत मोठ्या प्रमाणात घटलं. जागांच्या गणिताने ते वाचले. ही सूट मी माझ्या युक्तिवादाला देणार नाही: सत्तेवरून आणलेला करही मतं खातो. पण सत्तेवर असलेल्याकडे खर्च करायला साठा असतो. विरोधकाकडे नसतो.

खरी अडचण मला कार्बन कराची वाटते. लेबरच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड सत्तेवर होत्या. १ जुलै २०१२ पासून कार्बन उत्सर्जनाच्या टनाला २३ डॉलर लागू झाले, आणि त्याच दिवसापासून भरपाई. सरकारचा अंदाज होता की सरासरी कुटुंबाचा खर्च आठवड्याला ९ डॉलर ९० सेंट वाढेल आणि मदत १० डॉलर १० सेंट मिळेल. करमुक्त मर्यादा ६,००० वरून १८,२०० वर नेली. माझा सिद्धान्त खरा असता तर हे यशस्वी व्हायला हवं होतं, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये लिबरल नेते टोनी अॅबट ९० जागा घेऊन आले. काय चुकलं? एक, ‘माझ्या सरकारात कार्बन कर नसेल’ हे गिलार्ड यांचं २०१० मधलं वाक्य. पण मोडलेलं वचन एवढंच कारण पुरत नाही, पुढे दिसेलच. दुसरं अधिक महत्त्वाचं. करमुक्त मर्यादा तिप्पट झाली हे कानाला मोठं वाटतं. प्रत्यक्षात कमी उत्पन्नाला आधीपासून एक वेगळी वजावट मिळत होती, त्यामुळे खरी मर्यादा १६,००० च होती. ती वजावट कापून नवी मर्यादा आणल्यावर खरी वाढ साधारण २०,५४२ पर्यंतच झाली. पगाराच्या चिठ्ठीत आठवड्याला काही डॉलर वाढले, ते कशामुळे हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. वीजबिल मात्र तारा-खांबांच्या खर्चामुळे आधीच भडकलेलं होतं, आणि त्याला आता एक नाव मिळालं. लाभ निनावी, खर्च छापील. या करामुळे व्हायअला शहर नकाशावरून पुसलं जाईल असं अॅबट म्हणाले होते. ते शहर जागेवर आहे, करही २०१४ मध्ये गेला, आणि १८,२०० ची मर्यादा राहिली. ती कुठून आली हे आज कुणालाही आठवत नाही. भरपाई देणं वेगळं आणि दिल्याचं दिसणं वेगळं.

आता २०२४ शी तुलना करा. आधीच्या लिबरल सरकारने २०१९ मध्ये मंजूर केलेली आयकर-कपात १ जुलै २०२४ ला लागू व्हायची होती. ४५,००० ते २,००,००० पर्यंत सरसकट ३० टक्के. अल्बनीज यांनी ती जशीच्या तशी ठेवण्याचं वचन दिलं होतं. २५ जानेवारी २०२४ ला त्यांनी ते मोडलं. सगळ्यात खालचा दर १९ वरून १६ केला, ३७ टक्क्यांचा टप्पा परत आणला. दोन लाख कमावणाऱ्याची कपात ९,०७५ वरून ४,५२९ वर आली. ७३,००० कमावणाऱ्याला १,५०४ डॉलर मिळणार, आधीच्या योजनेपेक्षा ८०४ जास्त. ४५,००० वाल्याला आधी शून्य मिळणार होतं, आता ८०४. वरून घेऊन खाली दिलं, याहून उघड पुनर्वाटप कोणतं? वचनभंगही तितकाच उघड. विरोधकांनी दोन आठवडे आरडाओरडा केला आणि मग संसदेत बाजूने मतदान केलं, कारण करदात्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांना जास्त मिळत होतं आणि प्रत्येकाला आपला आकडा वजाबाकी करून काढता येत होता. मार्चमध्ये डंकलीची पोटनिवडणूक लेबरने राखली.

यामागे एक यंत्रणा आहे जी बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियात आयकराचे टप्पे महागाईशी बांधलेले नाहीत. पगार महागाईने वाढतो, टप्पे तिथेच राहतात, आणि माणूस नकळत वरच्या दरात सरकतो. लिबरल पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी १९७६ मध्ये टप्पे महागाईशी जोडले होते आणि स्वतःच काही वर्षांत ते सोडून दिलं, कारण त्याने अर्थमंत्र्याच्या हातातलं सगळ्यात उपयोगी हत्यार जातं. न मागता गोळा झालेला कर दर तीन वर्षांनी ‘कपात’ म्हणून परत देता येतो, आणि तो कुणाला परत द्यायचा हे ठरवताना शांतपणे पुनर्वाटपही करता येतं. हे फक्त सत्ताधाऱ्याला जमतं. नुसत्या कपातीने निवडणूक मिळते असाही याचा अर्थ नाही. २००७ मध्ये हॉवर्ड यांनी प्रचाराच्या पहिल्याच दिवसांत ३४ अब्जांची कपात जाहीर केली, लेबरचे केव्हिन रड यांनी आठवड्याच्या आत जवळजवळ तशीच उचलली, आणि हॉवर्ड सत्तेसह स्वतःची जागाही हरले.

२०२५ मध्ये भूमिका पूर्ण उलटल्या. मार्चच्या अर्थसंकल्पात लेबरचे अर्थमंत्री जिम चाल्मर्स यांनी खालचा दर आणखी कमी केला: जुलै २०२६ पासून १५, जुलै २०२७ पासून १४ टक्के. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २६८ डॉलर, दुसऱ्या वर्षी ५३६. विरोधी नेते पीटर डटन यांच्या लिबरल पक्षाने ‘दिवसाला ७० सेंट’ म्हणून टिंगल केली, विरोधात मतदान केलं आणि निवडून आलो तर ही कपात रद्द करू असं सांगितलं. त्याऐवजी पेट्रोलवरचा कर वर्षभर लिटरला २५.४ सेंटने कमी, आणि मग प्रचाराच्या मध्यावर १,२०० डॉलरपर्यंतची एकदाच मिळणारी करसूट. लिबरल पक्ष आयकर वाढवण्याच्या बाजूने प्रचार करतोय, हे दृश्य ऑस्ट्रेलियाने क्वचितच पाहिलं असेल. रक्कम क्षुल्लक होती हे खरंच. पण ती कायद्यात होती आणि डटन ती काढून घेणार होते. डटन यांची स्वतःची जागाही गेली. एका निवडणुकीवरून फार काही सिद्ध होत नाही, ट्रम्प यांची सावलीही तिच्यावर होती. तरी ‘मतदार उजव्यांच्या करनीतीवर मोहित आहे’ हे तरी यातून कसं निघतं?

निवृत्तिनिधीत ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम असलेल्यांवर जादा कर लावण्याचा चाल्मर्स यांचा प्रस्ताव या चौकटीत तपासून पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो मांडला तेव्हा सुमारे ८०,००० लोकांना, म्हणजे निधीधारकांपैकी अर्ध्या टक्क्याला, लागू होत होता. तरी दोन वर्षं तो अडला. अडला तो दरावर नाही. न विकलेल्या मालमत्तेच्या वाढलेल्या किमतीवरही कर लागणार होता, आणि ३० लाखांची मर्यादा महागाईनुसार वाढणार नव्हती. ज्या शेतकऱ्याने जमीन घरगुती फंडात ठेवली आहे त्याने जमिनीचा भाव वाढला म्हणून रोख कर कुठून भरायचा, याला उत्तर नव्हतं. आणि पंचविशीतल्या नोकरदाराला, चाळीस वर्षांनी आपलीही रक्कम ३० लाखांवर जाईल, असं सांगता येत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये चाल्मर्स यांनी दोन्ही कलमं काढली, एक कोटीच्या वर आणखी चढा दर ठेवला, आणि सोबत कमी पगाराच्या लोकांच्या निवृत्तिनिधीला मिळणारा परतावा ५०० वरून ८१० डॉलर करण्याचं जाहीर केलं. श्रीमंतांवरचा सर्वोच्च दर वाढला आणि विरोधाची धार मात्र कमी झाली. भारतातही जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने घरांच्या भांडवली नफ्यावरची महागाईची वजावट काढली होती, आणि काही आठवड्यांत जुन्या घरांना निवड देऊन सरकारला मागे यावं लागलं होतं. आकड्याहून पूर्वलक्षी अन्यायाची भावना जास्त बोचते, हे दोन्ही देशांत सारखं आहे.

घरांच्या करात मात्र ही कारागिरी पुरी पडत नाही, हे मान्य करावं लागेल. आयकरात घेतलेलं लगेच दुसऱ्याच्या पगारात टाकता येतं. भाड्याच्या घरांवरची वजावट आणि नफ्याची सवलत कापली तर ज्याला फायदा होईल तो आज भाडेकरू आहे, त्याला घर कधी परवडेल ते ठाऊक नाही, आणि परवडलं तरी ते करबदलामुळे परवडलं हे त्याला कधीच कळणार नाही. समोर सुमारे २२ लाख लोक आहेत ज्यांच्याकडे भाड्याचं घर आहे आणि ज्यांचा आकडा त्यांच्या विवरणपत्रात छापलेला आहे. हा बदल करू पाहणाऱ्या अर्थमंत्र्याला कीटिंगसारखं करावं लागेल: वाचलेला महसूल त्याच वर्षी, त्याच कायद्यात, भाडेकरू आणि पहिलं घर घेणाऱ्यांच्या आयकरात उतरवायचा. तो मग घरं बांधायला उरत नाही, अशी तक्रार गृहनिर्माणवाले करतील, आणि ती तक्रार रास्त असेल.